आत्याच्या गेमवरचं कुंकू

हे मला आत्ताच सांगायचंय. उद्या नाही, जेवल्यावर नाही, आत्ता. टायपिंगच्या चुका तुमच्या तुम्ही सुधारून घ्या, माझी बोटं अजून धड चालत नाहीत. आत्या आणि मम्मी वर गच्चीवर मिरच्या गोळा करायल्यात, त्या खाली यायच्या आत मला सगळं लिहून काढायचंय.

आणि वाचायच्या आधी एक काम करा. तुमच्या घरात, माळ्यावर, कुठल्या जुन्या डब्यात एखादी हिरवी पट्टी असंल, तिच्यावर काळी चिप, आणि चिपच्या मधोमध काचेची बारकी गोल खिडकी, तर तिच्यावर आधी काहीतरी चिकटवा. काळी टेप, काहीही. मग पुढं वाचा.

आत्या म्हंजे पप्पांची मोठी बहीण. ती अजिंठ्याला असते, त्यांची शेती आहे. गेल्या दसऱ्याला मी तिच्याकडं गेलते. खंडेनवमीला त्यांच्याकडं घरातली सगळी अवजारं पुसून देवासमोर मांडतात आणि हळद-कुंकू लावतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पान्ह्यांची पेटी, ट्रॅक्टरची चावी. मी फोटो काढायला खाली वाकले आणि दोन खुरप्यांच्या मधी मला ते दिसलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी. एका कडंला सोनेरी दाते. वर एक चिप, आणि चिपवर कुंकवाचा एवढा जाड थर की पोपडे निघायला आलेले.

"आत्या, हे काय ए?"

"माझं अवजार."

"कशाचं पण?"

"गेमचं," आत्या म्हणली, फूल वाहता वाहता. "व्हिडिओ गेम. मी बनवलेला."

मागनं कुणीतरी हसलं. "आलं बघा, दरसालचं कॉम्प्युटर आलं." सगळेच हसले. त्यांना हे नवीन नव्हतं. आत्यानं मागं वळून सुद्धा बघितलं नाही. "हसा," म्हणली, "तुमच्या खुरप्याला तरी कुठं कोण विचारतंय."

मी मात्र हसले नाही, कारण मला ती पट्टी ओळखू आली. मला जुन्या गेमांचा लई नाद आहे. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी टीव्हीला जोडायचा एक गेमचा डबा निघालेला, पुढं काळी काडी आणि एक लाल बटण असलेला, त्या डब्याच्या मागं लागलेले लोक जगभर आहेत आणि त्यांच्या एका ग्रुपमधी मी पण आहे. बाजारात आलेले गेम सगळ्यांकडं असतात, त्यांचं कुणाला काही नसतं. खरी धडपड असते ती कधी बाजारात न आलेल्या गेमांसाठी. कंपनीत तपासायला म्हणून एखादी पट्टी बनवलेली असते, मग गेम रद्द होतो आणि ती पट्टी कुणाच्या तरी कपाटात पडून ऱ्हाते. अशी एक सापडली तर ग्रुपवर दिवाळी असते. आणि इथं एक पट्टी अजिंठ्यात दोन खुरप्यांच्या मधी होती, आणि जिनं बनवली ती बाई मला म्हणायली, सरक जरा, आरती करायचीय.

आरती झाल्यावर मी तिला सोडलंच नाही.

लग्नाआधी ती इथंच, आमच्या शहरात, शहागंजात ऱ्हायची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि चिकलठाण्याला, कारखान्यांच्या भागात, एका बारक्या युनिटमधी लागली. तिथं तसलेच गेमचे डबे जुळवायचे. सुटे भाग बाहेरनं यायचे, पोरी बसून सोल्डरिंग करायच्या, गेम सगळे बाहेरचेच. मालकाच्या डोक्यात आलं की दिवाळीला आपला एक गेम काढू. "मला म्हणले, तू डिप्लोमावाली, तू बघ. मला तरी काय येत होतं? बाहेरचे गेम उघडून उघडून बघितले. रोज डब्बा खाऊन झाला की बसायचे."

"आणि गेम काय होता?"

"सायकल," आत्या म्हणली. "शहागंजच्या घड्याळापासून निघायचं आणि जालना रोडनं चिकलठाण्याच्या गेटवर पोचायचं, भोंगा व्हायच्या आत. मधी म्हशी, टांगे, ट्रक आणि एक कुत्रं. मी रोज जायचे तसंच."

"पोरगी होती सायकलवर?"

"मग काय पोरगा असंल?"

पण दिवाळीच्या आधीच युनिट बंद पडलं. बाहेरनं नवे रंगीत डबे आले आणि ह्यांचे कुणी घेईना. तपासायला म्हणून बनवलेली एकच पट्टी होती, ती मालकानं हिला दिली. लग्न होऊन ती पट्टी घेऊन अजिंठ्याला गेली. चालवायचा डबा जवळ नव्हता, म्हणून तेव्हापासून तो गेम तिनं स्वतः सुद्धा बघितलेला नाही. सगळी जिंदगी ती सांगत ऱ्हायली की मी गेम बनवला, आणि कुणी बघितला नाही म्हणून कुणाला खरं वाटलं नाही. पप्पांना सुद्धा नाही. पप्पा तिला आक्का म्हणतात. "आक्काच्या गेममधी म्हणे म्हस होती," असं म्हणून पप्पा अजून हसतात.

आता चिपचं सांगते, नाहीतर मी का भ्याले ते कळणार नाही. त्या काळात तपासायच्या गेमसाठी एक चिप वापरायचे. तिच्यातलं पुसून परत नवीन भरता येतं. पुसायचं कसं, तर उजेडानं. म्हणून तर तिला काचेची खिडकी असते. एका खास दिव्याखाली ठेवली की थोड्या वेळात आतलं सगळं साफ. तो दिवा नसला तरी उन्हात पण तसलाच उजेड थोडा असतो, फक्त हळूहळू काम करतो. म्हणून गेम भरला की खिडकीवर स्टिकर लावतात आणि तो स्टिकर कुणी काढत नाही. ग्रुपवर नव्या माणसाला पहिली ताकीद हीच मिळते. स्टिकरला हात लावू नको.

आत्याच्या चिपवर स्टिकर नव्हताच. कुंकू होतं.

लई महिने मी तिच्या मागं लागले तेव्हा ह्या महिन्यात तिनं पट्टी दिली. स्टीलच्या डब्यात, ब्लाउजपीसमधी गुंडाळून. देताना दोन गोष्टी बोलली. एक, मी आल्याबिगर चालवू नको, पहिल्यांदा मीच बघणार. दुसरी, हाय तसं ऱ्हाऊ दे, घासपूस करू नको. पहिली मला लगेच कळली. दुसरी मला वाटलं देवाधर्माचं असंल. मी म्हणलं बरं.

चिप वाचायचं छोटं मशीन मी ऑनलाइन मागवलेलं, ते काल कुरिअरनं आलं. काल संध्याकाळी आत्याला फोन केला, तर म्हणली उद्याच येते, सकाळच्या गाडीनं. आत्या अशी लगेच कधी निघत नाही. तिला विचारलं तर नेहमी जनावरं असतात, कापूस असतो, कुणाचं लग्न असतं.

आज सकाळी मी टीव्हीला लॅपटॉप जोडायची केबल आणायला शहागंजात गेले. आमची केबल उंदरानं कुरतडलेली. परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. आमचं घर चिकलठाण्याच्या बाजूला आहे, नव्या वसाहतीत, झाड नावाला नाही. दारातच मम्मी भेटली, एकदम खुशीत.

"तुझ्या आत्याचं ते धुऊन ठेवलंय बरं का."

"काय धुऊन ठेवलं?"

"अगं ते, डब्यातलं. केवढं शिळं कुंकू त्याच्यावर. आज त्या येणार, नवीन हळद-कुंकू लावू म्हणलं, तर आधी उजळायला नको का? ब्रशनं घासलं, साबणाच्या पाण्यानं. कसलं चकचकीत निघालं. वर वाळत ठेवलंय मिरच्यांपाशी."

  मी तशीच जिन्यानं वर पळाले. चप्पल एक जिन्यातच ऱ्हायली.

वर जुन्या साडीवर मिरच्या पसरलेल्या, बाजूला कुरडयांची चाळण, आणि मिरच्यांच्या कडंला स्टीलच्या ताटलीत ती पट्टी. ताटली चमकत होती आणि पट्टी पण. चिपची खिडकी इतकी साफ होती की लांबनं दिसत होती. ऊन सरळ तिच्यात पडलेलं. जवळ गेले तर आतला बारीक चौकोन दिसला, त्याच्यावर निळे-जांभळे रंग हलत होते, आणि खरं सांगते, ते लई सुंदर दिसत होतं. तेवढ्या भीतीत पण मला तसं वाटलं, आणि त्याचीच मला अजून जास्त भीती वाटली.

मी ओढणी टाकली तिच्यावर. उचलली तर बोट भाजलं. पट्टी ओढणीत गुंडाळून छातीशी धरून खाली आले, माझ्या खोलीत गेले, दार लावलं, पडदा ओढला आणि पलंगाच्या कडंला खाली बसले. तेवढ्यात फोन वाजला. आत्या.

"सिल्लोड आलं गं," आत्या म्हणली. बसचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडायलेलं. "खिडकीपाशी जागा भेटली. तू काही चालवून-बिलवून बघितलं नाहीस ना?"

"नाही आत्या."

"आवाज का असा तुझा?"

"जिना चढून आले."

"मी रात्रभर आठवायले," आत्या म्हणली. "त्या कुत्र्याला मी शेपूट दिलतं का नाही. मला वाटतं दिलतं."

फोन ठेवला आणि मला रडायला यायला लागलं, पण रडायला वेळ नव्हता. ग्रुपमधी पोलंडचा एक जण आहे, त्यानं असल्या कितीतरी पट्ट्या वाचवल्यात. तिथं सकाळ असणार. मी त्याला लिहिलं. आमचं बोलणं इंग्रजीत झालं, तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

मी लिहिलं, चिप उन्हात होती. सकाळपासनं.

तो म्हणला, स्टिकर होता ना?

मी म्हणलं, स्टिकर नव्हता, कुंकू होतं, ते आईनं धुतलं.

 तो म्हणला, कुंकू म्हणजे काय?

आता ह्याला काय सांगू. मी लिहिलं, लाल पावडर, देवाला लावतात. तो म्हणला, चिपला का लावलं? मी म्हणलं, चिपची पूजा करतात म्हणून. तो म्हणला, तुम्ही लोक चिपची पूजा करता? मी म्हणलं, सगळे नाही, फक्त माझी आत्या, आणि आता ते सोड, गेम गेला का ते सांग.

मग तो सरळ झाला. म्हणला, उन्हानं पूर्ण पुसायला एका सकाळपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. पण चिप इतकी जुनी असंल तर तिच्यातला जीव तसाही कमी झालेला असतो, थोडं ऊन पण पुरतं. सांगता येत नाही. आधी खिडकी झाक. मग वाच. एकदा वाचून विश्वास ठेवू नको, परत परत वाच आणि सगळी वाचनं सारखी येतात का बघ. सारखी आली तर गेम आहे. दर वेळेला वेगळं आलं तर समज की जायला लागलाय.

चालवायचं नाही असं मी आत्याला कबूल केलेलं. पण वाचणं म्हंजे चालवणं नाही. चिपमधले आकडे नुसते लॅपटॉपवर उतरवायचे असतात, चित्र काही दिसत नाही. मी खिडकीवर काळी टेप लावली, चिप हळूच खोबणीतनं काढली, मशीनमधी बसवली आणि बटण दाबलं.

वाचलं. परत वाचलं. दोन्ही जुळवले.

वेगळे आले.

तिसऱ्यांदा वाचलं, तर ते दोन्हींपेक्षा वेगळं. स्क्रीनवर आकड्यांच्या रांगा आणि जिथं फरक तिथं लाल. एकदा इथं लाल, एकदा तिथं लाल, आणि काही जागा दर वेळेला लाल. मी बटण दाबायचं थांबले. माझ्यासमोर शहागंजचं घड्याळ, म्हशी, टांगे, ती सायकलवरची पोरगी एक एक ठिपका करून चाललेली, आणि मी नुसती बघायले. ह्याची दुसरी प्रत जगात कुठंच नव्हती. कागदावर लिहिलेलं सुद्धा काही नव्हतं, ते कागद मागंच चुलीत गेलेले.

फोन. "फुलंब्री." आत्या. "तुझ्या पप्पाला सांग बसस्टँडवर यायला. आणि त्याला म्हणाव, आज बघ म्हणाव म्हस."

"सांगते."

"वहिनीला म्हण काही करत बसू नको. मी भाकरी आणलीय."

आत्या वयानं मोठी आहे तरी मम्मीला वहिनीच म्हणते. मी फोन ठेवला आणि दारात मम्मी उभी होती. तिच्या हातात माझी जिन्यात राहिलेली चप्पल.

"काय झालंय?"

"काही नाही."

"पडदे लावून बसलीस भर दुपारी, आणि काही नाही?"

मी सांगितलं. सांगायचं नव्हतं, कारण ह्या दोघींचं मला माहीत आहे. भांडण कधीच नाही, पण आत्या आली की मम्मी सगळ्या घराला पोछा मारते आणि आत्या गेली की दोन दिवस बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून मम्मीला वाटतं की आक्काला आपलं काहीच पसंत पडत नाही. आज पहिल्यांदा मम्मीनं कुणी न सांगता, मनानं, आत्यासाठी काहीतरी केलेलं.

मम्मी पलंगावर बसली. चप्पल हातातच. "म्हंजे मी पुसलं?"

"अजून माहीत नाही."

"उन्हानं पुसतं म्हणतीस."

"थोडं गेलंय. किती ते कळंना."

"मला सांगायचं नाही का गं तू," मम्मी हळू म्हणली. रागात नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. "मी तर पापडाला ऊन दाखवतो तसं ठेवलं. त्या मला काय म्हणतील? काहीच म्हणणार नाहीत. तेच वाईट आहे. म्हणणारच नाहीत."

तेवढ्यात पोलंडवाल्याचा मेसेज आला. चिप गरम आहे का? गरम असंल तर आधी थंड होऊ दे. आणि मशीनच्या सेटिंगमधी व्होल्टेज थोडं कमी कर. अशक्त झालेल्या चिपला कमी जोरानं विचारलं तर ती कधी कधी खरं सांगते.

"थंड करायला पायजे," मी म्हणलं. "ओलं न करता."

मम्मी उठली. मला काही न विचारता चिप प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वरनं दुसरी पिशवी, गाठ मारली, आणि माठाच्या तोंडावर झाकण उलटं करून त्याच्या खोलगटात ठेवली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात माठापाशी उभ्या होतो. वरनं विमान गेलं. मम्मी देव्हाऱ्याकडं बघत होती आणि मी माठाकडं.  मला आयुष्यात एवढी भीती परीक्षेची पण नाही वाटली.

मग परत वाचली. व्होल्टेज कमी करून.

परत वाचली. जुळवली. लाल कुठंच नाही.

परत. लाल नाही. मम्मी माझ्या खांद्यावरनं बघायली, तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लाल वाईट एवढं तिला कळलेलं. "आलं का?" म्हणायली. "आलं का गं?"

"सारखं यायलंय," मी म्हणलं. पण सारखं म्हंजे बरोबर असं नाही. एखादा आकडा पूर्णच बिघडला असंल तर तो दर वेळेला सारखाच चुकीचा येणार. ते गेम चालवल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चालवायचा तर आत्यासमोर. मी त्या फायलीच्या पाच-सहा ठिकाणी प्रती करून ठेवल्या, चिप परत पट्टीत बसवली. बाहेर पप्पांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

आत्या आत आली, डोक्यावरचा पदर घामानं भिजलेला, हातात भाकरीचं गाठोडं. पाणी पण न पिता म्हणली, "कुठंय?"

मी पट्टी दिली. टेप लावलेली, हिरवीगार, चकचकीत. आत्या बघत ऱ्हायली.

"कुंकू कुठंय?"

मी तोंड उघडायच्या आत मम्मी बोलली. "आक्का, मी धुतलं. उजळायला म्हणून. आणि उन्हात ठेवलं. चुकलं माझं."

पप्पा दारातच थांबले. कुणाला काही कळंना. आत्या खुर्चीत बसली. पट्टी मांडीवर ठेवली. आणि मग तिनं जे सांगितलं त्यानं माझे कानच तापले.

"त्याचा स्टिकर पहिल्याच पावसाळ्यात गेला," आत्या म्हणली. "ओल धरली, गळून पडला. मला माहीत होतं उजेड लागू द्यायचा नाही. पण सासरी मी काय सांगू? एवढं मोठं खटलं, दहा जणांचे हात लागायचे. कागद चिकटवला तर पोरं उपटून काढायची. मग दसरा आला. म्हणलं, ह्याच्यावर कुंकू लावलं तर कुणाची बिशाद आहे खरवडायची? दाबून दाबून लावलं. दरसाल वरनं अजून. सासूबाई म्हणायच्या, आमची सून किती देवभोळी."

कुणीच हसलं नाही. पप्पा पण नाही.

"मला काय माहीत," आत्या मम्मीकडं बघत म्हणली, "की तू माझ्यापेक्षा देवभोळी निघशील."

मम्मीनं मान वर केली नाही. "आक्का, गेलं असंल तर?"

"लाव," आत्या मला म्हणली.

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. केबल बसंना, दोनदा उलटी लावली. त्या जुन्या डब्यासारखं वागणारा प्रोग्रॅम उघडला, फाईल टाकली. टीव्ही काळा झाला. काळाच ऱ्हायला. 

मग वरनं निळं आभाळ आलं, खाली तपकिरी रस्ता, आणि डाव्या कडंला चौकोनाचौकोनाचा एक मनोरा, वर पांढरं घड्याळ.

"शहागंज," पप्पा म्हणले. एकदम हळू.

आणि मनोऱ्याच्या मागनं सायकल आली. दोन चाकं, वर पोरगी, मागं उडणारी वेणी. आत्यानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. कुठली बटणं ते मी दाखवलं तेवढंच, पुढं तिला काही सांगावं लागलं नाही. म्हस आली, तिनं वळवली. टांगा आला, खालनं काढली. ट्रकला तर ती आधीच बाजूला झाली, ट्रक दिसायच्या आधी. म्हशीला पाय होते. कुत्र्याला शेपूट होतं. "दिलतं," आत्या म्हणली, "बघ, दिलतं." मी दर नव्या चित्राला श्वास धरून बसायले, आता तुटंल, आता कचरा येईल, आता सगळं फाटंल. काही फाटलं नाही. गेट आलं, भोंगा वाजला, घोगरा, लांबलचक, आणि पोरगी सायकलवरनं उतरून आत गेली.

पप्पा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "आक्का," म्हणले. 

मग आत्यानं दुसऱ्यांदा लावला. ह्या वेळेला ती नुसती बघत होती, आणि घड्याळापाशीच थांबली. टीव्हीच्या जवळ गेली. बोट लावलं.

"ही मागं कोण?"

पोरीच्या मागं, कॅरिअरच्या जागी, चार चौकोन होते. लाल. मला वाटलेलं ते सायकलचंच काहीतरी आहे. पण आत्यानं विचारल्यावर ते एकदम माणसासारखं दिसायला लागलं. कुणीतरी डबलसीट बसलेलं.

मला लगेच शंका आली. कारण चिप पुसायला लागली की आकडा कमी होत नाही, ठिपका विझत नाही. उलट नसलेला ठिपका पेटतो. हे मला माहीत होतं. स्वयंपाकघराच्या दारात मम्मी उभी होती, तिला हे माहीत नव्हतं, पण तिनं आत्याचा प्रश्न ऐकलेला.

"काय झालं?" मम्मी म्हणली. "ते नव्हतं का?"

आत्यानं टीव्हीकडं बघितलं, मग मम्मीकडं. "नव्हतं कसं," म्हणली. "मैत्रीण आहे. मोंढ्यापासून रोज माझ्या मागं बसायची. मीच विसरले. चहा टाक बाई आता, उन्हानं जीव गेला."

मम्मी आत गेली. तिच्या पाठीवरनं काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं.

चहा झाल्यावर मी खोलीत जाऊन बघितलं. ते चार ठिपके ज्या आकड्यातनं येतात तो आकडा शोधला. पहिल्या वाचनांत जिथं दर वेळेला लाल यायचं, त्यातलाच तो. म्हंजे तो सकाळच्या उन्हानंच गेलेला, मागं मैत्रीण-बित्रीण कुणी नव्हतीच. बाकीचे परत आले, हा एकटा नाही आला. मी आत्याला एकटीला गाठून सांगितलं, आत्या, मी ते काढून टाकू शकते, एक आकडा बदलायचा फक्त, पहिल्यासारखं होईल.

"नको काढू," आत्या म्हणली.

"पण ते तुझं नाही."

"वहिनीनं बघितलंय ते." एवढंच म्हणली आणि गच्चीवर गेली, मिरच्या गोळा करायला मदत म्हणून. जी बाई आमच्याकडं आली की पाणी पण स्वतः घेत नाही.

पोलंडवाला विचारायलाय, फाईल शुद्ध आहे का, मूळचीच आहे का. मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू ते कळत नाही. आणि मधीच मनात येतं की मी केबलच्या दुकानात अजून थोडी थांबले असते, नाहीतर कॉलेजला गेले असते आणि संध्याकाळी आले असते, तर त्या टीव्हीवर काय आलं असतं. मग परत टेप नीट बसलीय का बघते. पट्टी माझ्या समोर आहे. टेप आहे, आणि टेपवर मम्मीनं मगाशी कुंकू लावलंय, नवीन, ओलं, दाबून.

त्या जिन्यात आल्या वाटतं, आवाज यायलाय. पटकन सांगा मला. तुमच्या घरात कधी कुणी मायेनं काही धुतलंय का, पुसलंय का, ऊन दाखवलंय का, आणि नंतर तुम्हाला असं वाटलंय का की ते कायमचं गेलं? आणि जे वाचलं त्याच्यात जो डाग ऱ्हायला, तो तुम्ही काढलात का ठेवलात?